तडा जाणारच, प्रश्न तो वेळीच दिसण्याचा : विमानबांधणीतील धातू, संमिश्रे आणि प्रतिबले

नवी दिल्ली : प्रवासी विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पोहोचते तेव्हा त्याच्या धडाच्या प्रत्येक चौरस मीटर आवरणावर आतून सुमारे सहा टन दाब पडत असतो. बाहेरची हवा विरळ असते आणि प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून आतली हवा दाबाखाली ठेवलेली असते. हा भार पेलणारा ॲल्युमिनियमचा पत्रा अनेक मध्यम आकाराच्या विमानांत काही ठिकाणी जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. विमान उतरले की दाब नाहीसा होतो आणि पुढच्या उड्डाणात पुन्हा चढतो. विमानाच्या आयुष्यात हे चक्र हजारो वेळा घडते.

एवढा पातळ पत्रा एवढा भार सहन करतो याचे कारण धातूच्या बळात आहे. मात्र विमान सुरक्षित का राहते, या प्रश्नाचे उत्तर केवळ बळात सापडत नाही. गेल्या सात दशकांतील मोठ्या अपघातांनी अभियंत्यांना शिकवलेली गोष्ट वेगळी आहे. कोणताही पदार्थ वापराने झिजतो, त्याला कधी ना कधी तडा जातो. तो कोठे जाईल, किती वेगाने वाढेल आणि घातक ठरण्यापूर्वी माणसाच्या नजरेस पडेल की नाही, हे आधी ठाऊक असणे यावर विमानाची सुरक्षितता अवलंबून असते. भारतात विमानांचे सुटे भाग आणि पूर्ण विमाने बनू लागली असताना व देखभालीची केंद्रे उभी राहत असताना हा विषय केवळ तज्ज्ञांपुरता उरलेला नाही.

भार कोठे येतो

पदार्थावर बाहेरून भार आला की त्याच्या आत त्या भाराला विरोध करणारे बल निर्माण होते. दर एकक क्षेत्रफळावरील या बलाला अभियांत्रिकीच्या परिभाषेत प्रतिबल म्हणतात. विमानाच्या वेगवेगळ्या भागांत त्याचे स्वरूप वेगवेगळे असते.

उड्डाणात हवा पंखांना वर उचलते आणि धडाचे वजन मध्यभागी खाली ओढते. त्यामुळे पंखांची टोके वर वाकतात. पंखाचा खालचा पृष्ठभाग ताणला जातो, तर वरचा पृष्ठभाग दाबला जातो. पंखाच्या आत मुळापासून टोकापर्यंत गेलेल्या तुळया, म्हणजे स्पार, या दोन्ही पृष्ठभागांना एकत्र बांधून ठेवतात आणि कातरीसारखे सरकवणारे बल पेलतात. वादळी झोत आला किंवा पंखाच्या कडेची झडप हलली की पंखाला पीळ पडतो, तोही याच रचनेला सोसावा लागतो.

धडाची गोष्ट फुगवलेल्या नळीसारखी आहे. आतल्या दाबाने नळीच्या परिघाच्या दिशेने जे प्रतिबल निर्माण होते ते लांबीच्या दिशेतील प्रतिबलाच्या दुप्पट असते. सुमारे दोन मीटर त्रिज्येच्या धडावर एक मिलिमीटर जाडीचा पत्रा असेल, तर परिघाच्या दिशेतील प्रतिबल ११० मेगापास्कलच्या आसपास जाते. विमानासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची तुटण्याची मर्यादा साडेचारशे मेगापास्कलच्या घरात असते. आकडे पाहता मोठी सवलत दिसते. पण हा हिशेब सलग पत्र्याचा आहे. जेथे खिडकी, दार किंवा रिव्हेटचे भोक आहे तेथे भार त्या पोकळीला वळसा घालून जातो आणि काठाशी प्रतिबल अनेक पटींनी वाढते. विमानाच्या धडात अशी भोके हजारोंच्या संख्येने असतात.

रचनाकार दोन मर्यादा मानतात. सेवेत असताना येऊ शकेल असा सर्वाधिक भार ही पहिली. प्रवासी विमानांसाठी तो साधारणपणे स्वतःच्या वजनाच्या अडीच पट धरला जातो. त्याच्या दीडपट भार ही दुसरी, अंतिम मर्यादा असून तो किमान तीन सेकंद सोसूनही रचना तुटता कामा नये. बोइंग ७८७ च्या पंखांची ही चाचणी मार्च २०१० मध्ये झाली तेव्हा पंखांची टोके सुमारे साडेसात मीटर वर वाकली होती. भार दीडपटीहून बराच वाढवला तर रचना अधिक भक्कम होईल, हे खरे. पण ती इतकी जड होईल की विमान किफायतशीरपणे उडवणे अशक्य ठरेल. पूल किंवा इमारत बांधताना जी मोठी सवलत ठेवता येते ती विमानाला परवडत नाही. ही उणीव अचूक हिशेबाने आणि सततच्या तपासणीने भरून काढावी लागते.

ड्युरॅल्युमिनची देणगी

शुद्ध ॲल्युमिनियम हलके असते, पण मऊ. ते विमानाच्या कामाचे झाले ते जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांच्या शोधामुळे. सुमारे चार टक्के तांबे आणि अल्प प्रमाणात मॅग्नेशियम मिसळलेला मिश्रधातू तापवून पाण्यात झटकन थंड केला आणि नंतर काही दिवस नुसता ठेवला, तर तो आपोआप कठीण होतो, हे विल्म यांच्या १९०६ च्या सुमाराच्या प्रयोगांत दिसून आले. धातूच्या आत तांब्याचे अणू अतिसूक्ष्म पुंजक्यांत गोळा होतात आणि अणूंच्या थरांना एकमेकांवरून घसरू देत नाहीत, हे त्यामागचे कारण पुढे तीन दशकांनी उलगडले. या मिश्रधातूला ड्युरॅल्युमिन हे नाव मिळाले. १९१९ मध्ये उडालेले युंकर्स एफ १३ हे संपूर्ण धातूचे प्रवासी विमान त्यातूनच घडले.

या गुणधर्माची एक खूण विमानांच्या कारखान्यांत आजही दिसते. काही जातींचे रिव्हेट उष्णतेची प्रक्रिया करून लगेच शीतकपाटात ठेवले जातात. बाहेर राहिले तर ते कठीण होत जातात आणि ठोकताना तडकतात. थंडीत ही क्रिया मंदावते. कामगार लागतील तेवढेच रिव्हेट बाहेर काढतात आणि ठरलेल्या वेळेत ठोकतात. कठीण होण्याचे उरलेले काम विमानात बसल्यावर पूर्ण होते.

पुढे ॲल्युमिनियमच्या दोन घराण्यांनी विमानविश्व व्यापले. तांबे मुख्य असलेल्या घराण्यातील २०२४ हा मिश्रधातू १९३१ मध्ये अमेरिकेत आला. जस्त मुख्य असलेल्या घराण्याची पायाभरणी १९३६ मध्ये जपानमध्ये झाली. जस्ताचे मिश्रधातू अधिक बळकट असतात. तरीही पंखाचा खालचा पृष्ठभाग घडवताना अभियंते परंपरेने तांब्याच्या मिश्रधातूकडे वळतात आणि जस्ताचा मिश्रधातू वरच्या पृष्ठभागासाठी राखतात. खालचा पृष्ठभाग सतत ताणला जातो, म्हणजे तेथे पडलेली भेग उघडत जाते. वरचा पृष्ठभाग दाबला जातो, तेथे भेग मिटते. जेथे भेग उघडणार तेथे बळकटीपेक्षा भेगेला सावकाश वाढू देणारा पदार्थ अधिक मोलाचा ठरतो. ही निवड आज पाठ्यपुस्तकात सहज वाचायला मिळते. तिच्यामागे मात्र जीवघेणे अनुभव आहेत.

कॉमेटचा धडा

जगातील पहिले जेट प्रवासी विमान, ब्रिटनच्या दे हॅविलंड कंपनीचे कॉमेट, २ मे १९५२ रोजी लंडनहून जोहान्सबर्गच्या नियमित सेवेत रुजू झाले. बरोबर एक वर्षाने, २ मे १९५३ रोजी, कलकत्त्याच्या डमडम विमानतळावरून दिल्लीकडे निघालेले कॉमेट काही मिनिटांतच वादळात सापडून कोसळले आणि ४३ जण मृत्युमुखी पडले. भारत सरकारच्या चौकशीत वादळी झोतांच्या भाराखाली रचना हवेतच तुटल्याचा निष्कर्ष निघाला. त्यानंतर १० जानेवारी १९५४ रोजी रोमहून निघालेले दुसरे विमान इटलीच्या एल्बा बेटाजवळ समुद्रात पडले. त्यात ३५ जण दगावले. विमाने काही काळ थांबवून, बदल करून पुन्हा उडवण्यात आली. ८ एप्रिल १९५४ रोजी आणखी एक कॉमेट नेपल्सजवळ समुद्रात कोसळले आणि २१ जणांचा बळी गेला. शेवटच्या दोन्ही घटनांत वादळ नव्हते. विमाने उंची गाठत असताना फुटली होती.

फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटचे संचालक आर्नल्ड हॉल यांच्या नेतृत्वाखाली जी चौकशी झाली तिने विमान अपघातांच्या तपासाची पद्धतच बदलली. समुद्रतळातून अवशेष काढून सांगाडा जुळवण्यात आला. त्याच वेळी सेवेतील एका कॉमेटचे संपूर्ण धड पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवण्यात आले. आत पाणी भरून दाब चढवायचा आणि उतरवायचा, असे एका उड्डाणाचे चक्र काही मिनिटांत घडवता येई. हवेऐवजी पाणी वापरल्याने धड फाटले तरी स्फोट होत नसे आणि तुकडे जागच्या जागी राहत. प्रत्यक्ष उड्डाणे आणि टाकीतील चक्रे मिळून ३,०५७ चक्रांनंतर ते धड फाटले. फाटण्याची सुरुवात चौकोनी खिडकीच्या कोपऱ्याशी झाली होती. तेथील प्रतिबल धातूच्या तुटण्याच्या मर्यादेच्या सुमारे ७० टक्के भरले. रचनाकारांनी धरलेल्या अंदाजापेक्षा ते बरेच अधिक होते. एल्बाजवळ पडलेल्या विमानाने दाबाखालील १,२९० उड्डाणे केली होती, नेपल्सजवळच्या विमानाने ९००. एल्बाच्या अवशेषांत भेगेचा उगम छतावरील अँटेनासाठी ठेवलेल्या झरोक्याच्या कोपऱ्याजवळ, जोडणीच्या भोकापाशी सापडला.

एका वेळच्या भाराने न तुटणारा धातू त्याहून कमी भार पुनःपुन्हा आल्याने तुटतो. लोखंडी तार एकदा वाकवून तुटत नाही, पण मागेपुढे वाकवत राहिल्यास तिचे दोन तुकडे होतात; त्याचेच हे मोठे रूप. याला धातूचा थकवा म्हणतात, कारखान्यांत ‘फटीग’ हाच शब्द रूढ आहे.

कॉमेटची चाचणीच झाली नव्हती, असे मुळीच नाही. धडाच्या एका भागाने दाबाची सोळा हजारांहून अधिक चक्रे सोसल्याचे कंपनीच्या चाचणीत दिसले होते. मात्र त्याच भागावर आधी बळकटीची चाचणी म्हणून नेहमीच्या दुप्पट दाब देण्यात आला होता. त्या जादा दाबाने कोपऱ्यांजवळचा धातू किंचित पसरला आणि दाब उतरल्यावर तेथे कायमचे आकुंचनाचे बल शिल्लक राहिले. ते बल पुढच्या प्रत्येक चक्रात ताणाला विरोध करत राहिले आणि त्या नमुन्याचे आयुष्य वाढले. प्रवाशांना घेऊन उडणाऱ्या विमानांना ते संरक्षण नव्हते. अधिक कठोर वाटणाऱ्या चाचणीनेच अभियंत्यांची दिशाभूल केली.

तडा गृहीत धरणारी रचना

कॉमेटनंतर खिडक्यांचे कोपरे गोल झाले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्याहून महत्त्वाचा बदल विचारांत झाला. एक भाग तुटला तरी शेजारच्या भागांनी भार उचलावा, अशी रचना रूढ झाली. धडाच्या पत्र्याखाली ठरावीक अंतरावर आडव्या पट्ट्या आल्या, जेणेकरून पुढे सरकणारी भेग तेथे अडावी. १९७८ मध्ये अमेरिकेच्या नियमांनी आणखी एक पाऊल टाकले. पहिल्या दिवसापासून विमानात डोळ्यांना न दिसणारी एखादी भेग आहे असे गृहीत धरायचे, ती दर उड्डाणाला किती वाढेल याचा हिशेब करायचा आणि ती घातक लांबी गाठण्याआधी ती सापडण्याची एकाहून अधिक वेळा संधी मिळेल, अशा अंतराने तपासण्या ठरवायच्या, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

या तत्त्वालाही मर्यादा होत्या, हे २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर दिसले. अलोहा एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान सुमारे ७,३०० मीटर उंचीवर असताना त्याच्या धडाच्या वरच्या भागाचे साडेपाच मीटर लांबीचे आवरण उडून गेले. एक हवाई सेविका बाहेर फेकली जाऊन मृत्युमुखी पडली. उरलेल्या ९४ जणांना घेऊन वैमानिकांनी विमान सुखरूप उतरवले. १९ वर्षांच्या त्या विमानाची ८९,६८० उड्डाणे झाली होती. बेटाबेटांमधील छोट्या फेऱ्यांमुळे त्याचे उड्डाणांचे तास तुलनेने कमी, म्हणजे साडेपस्तीस हजारांच्या आसपास होते. दाबाची चक्रे मात्र प्रचंड झाली होती. समुद्राच्या खाऱ्या हवेने पत्र्यांच्या सांध्यातील चिकटद्रव्य सुटले, गंज चढला आणि रिव्हेटच्या ओळीतील अनेक भोकांपाशी एकाच वेळी बारीक तडे गेले. एकटी भेग आडव्या पट्टीशी अडली असती. रांगेतील अनेक तडे एकमेकांना जाऊन मिळाले तेव्हा अडवणारे काही उरले नाही. विमानात चढताना एका प्रवाशाला दाराजवळ तडा दिसला होता, पण त्या व्यक्तीने तो कोणाला सांगितला नाही, अशी नोंद तपासात आहे.

दुरुस्तीतील चूक किती काळ दबा धरून बसू शकते, याचे सर्वांत भीषण उदाहरण जपानमध्ये घडले. १२ ऑगस्ट १९८५ रोजी टोकियोहून ओसाकाकडे निघालेले जपान एअरलाइन्सचे बोइंग ७४७ डोंगरात कोसळून ५२० जण ठार झाले; केवळ चार जण वाचले. सात वर्षांपूर्वी उतरताना त्याची शेपूट धावपट्टीला घासली होती. तेव्हा मागील दाबरोधक भिंतीची दुरुस्ती करताना जोडपट्टी ठरल्याप्रमाणे सलग न बसवता दोन तुकड्यांत बसवली गेली आणि भार पेलायला रिव्हेटची एकच ओळ उरली. त्या ओळीने सात वर्षे तग धरला.

याच व्यवस्थेचे यश दाखवणाऱ्या घटना मात्र फारशा बातम्यांत येत नाहीत. नोव्हेंबर २०१० मध्ये सिंगापूरहून निघालेल्या क्वांटास कंपनीच्या एअरबस ए३८० चे इंजिन फुटले. त्या विमानाच्या पंखाची दुरुस्ती सुरू असताना पंखातील फासळ्यांना आवरणाशी जोडणाऱ्या कंसांवर बारीक तडे दिसले. त्यांचा इंजिनाच्या स्फोटाशी संबंध नव्हता. बळकट, पण तुलनेने ठिसूळ मिश्रधातूची निवड आणि जुळणीच्या वेळी कंसांवर आलेला ताण ही त्यांची कारणे होती. जानेवारी २०१२ मध्ये युरोपीय नियामकाने तपासणीचा आदेश काढला, इतर विमानांतही तडे सापडले, कंस बदलण्यात आले आणि रचना सुधारण्यात आली. एकाही प्रवाशाला इजा झाली नाही.

कार्बन तंतूंचे युग

मातीत भुसा कालवून लिंपलेली भिंत हे संमिश्र पदार्थाचे जुने रूप आहे. माती आकार धरते, भुसा तिला तडकू देत नाही. आधुनिक विमानातील कार्बन संमिश्र याच तत्त्वावर उभे आहे. विशिष्ट कृत्रिम तंतू प्राणवायूविना हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापवले की माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक असे कार्बनचे धागे उरतात. त्यांचे थर रेझिनमध्ये भिजवून एकमेकांवर रचले जातात आणि दाब व उष्णता देणाऱ्या ऑटोक्लेव्ह या मोठ्या बंद भट्टीत भाजले जातात. अशा पदार्थाची घनता ॲल्युमिनियमच्या साठ टक्क्यांच्या आसपास असते आणि धाग्यांच्या दिशेत त्याचे बळ मोठे असते.

धातू सर्व दिशांना जवळपास सारखा असतो. संमिश्राचे तसे नाही. बांबू लांबीच्या दिशेत ओढून तुटत नाही, पण कोयत्याने उभा सहज चिरता येतो. म्हणून थर वेगवेगळ्या कोनांत रचावे लागतात: काही लांबीच्या दिशेत, काही आडवे, काही ४५ अंशांत. पंखाला जेथे पीळ पडतो तेथे तिरपे थर अधिक, जेथे वाक जास्त तेथे लांबीचे थर अधिक. पदार्थ आणि रचना येथे एकाच वेळी घडवली जाते. बोइंग ७८७ च्या रचनेत वजनाने सुमारे निम्मा भाग संमिश्रांचा आहे. ॲल्युमिनियम २० टक्के, टायटॅनियम १५ टक्के आणि पोलाद १० टक्के. एअरबस ए३५० मध्ये संमिश्रांचे प्रमाण निम्म्याहून थोडे अधिक आहे.

कार्बन संमिश्राला गंज चढत नाही आणि धातूसारखा थकवाही येत नाही. त्यामुळे ७८७ च्या केबिनमध्ये दाब अधिक ठेवता येतो. आतील हवा आठ हजारांऐवजी सहा हजार फूट उंचीवरील हवेसारखी असते आणि प्रवाशाला शीण कमी जाणवतो. मात्र कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि ओलावा आला की विद्युतघटासारखी क्रिया होऊन ॲल्युमिनियम खाल्ले जाते. म्हणून संमिश्रांसोबत टायटॅनियमचा वापर वाढला. ते महाग व घडवायला अवघड, पण कार्बनशेजारी सुरक्षित राहते. संमिश्र विजेचा सुवाहक नसल्याने पृष्ठभागालगत तांब्याची बारीक जाळी घालावी लागते, अन्यथा वीज पडल्यावर आवरण जळते. लँडिंग गिअरमध्ये पोलादाची सत्ता अजून कायम आहे. कमी जागेत प्रचंड भार घ्यायचा असेल तर त्याला पर्याय मिळणे कठीण.

न दिसणारी इजा

संमिश्रांचा खरा प्रश्न त्यांच्या बळाचा नाही. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या एअरबस ए३०० विमानाचा संमिश्राचा उभा शेपूटपंख उखडला आणि जमिनीवरील पाच जणांसह २६५ जण ठार झाले. पदार्थात दोष असल्याची शंका तेव्हा घेतली गेली. सुकाणू वेगाने दोन्ही बाजूंना वळवल्यामुळे अंतिम मर्यादेहून अधिक भार आला आणि त्या भारापर्यंत पंखाने अपेक्षेप्रमाणे तग धरला होता, असा निष्कर्ष तपासातून निघाला.

प्रश्न आहे तो इजा ओळखण्याचा. धातूच्या पत्र्यावर अवजार पडले किंवा सामानाची गाडी आदळली तर पोचा पडतो आणि तो दिसतो. संमिश्रावर तसाच आघात झाला तर वरचा थर पूर्ववत होऊ शकतो. आतील थर मात्र एकमेकांपासून सुटलेले असतात. पृष्ठभाग गुळगुळीत आणि आत पोकळी, अशी ही अवस्था. दाब आला की सुटलेले थर वेगवेगळे वाकतात आणि बळ झपाट्याने घटते. म्हणून डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी इजा आहे असे गृहीत धरूनच अंतिम भाराची चाचणी पार करावी लागते. तपासणीत ध्वनीच्या उच्च कंप्रतेच्या लहरी आत पाठवून प्रतिध्वनी मोजला जातो. लहान हातोडीने ठोकून आवाज ऐकण्याची जुनी पद्धतही टिकून आहे. सलग भाग खणखणीत वाजतो, सुटलेला भाग बद्द. धातूसाठी रंगद्रव्य, चुंबकीय प्रेरणेवर चालणारी एडी करंट चाचणी आणि क्ष-किरण ही साधने आहेत. पण सामानाच्या गाडीचा धक्का लागला हे चालकाने कळवलेच नाही, तर तपासणी कोठे करायची हेच कळत नाही. संमिश्रांच्या युगात धावपट्टीशेजारच्या कामगाराचा प्रामाणिक निरोप हाही सुरक्षेचा भाग झाला आहे.

आगीत संमिश्र कसे वागेल, ही शंकाही होती. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या ए३५० ची तटरक्षक दलाच्या विमानाशी टक्कर झाली. लहान विमानातील पाच जण दगावले, पण ए३५० मधील सर्व ३७९ जण बाहेर पडले. त्यानंतर त्याचे धड जळून खाक झाले.

भारतातील चित्र

हवामान आणि पदार्थ यांच्या नात्याचा अनुभव या भूमीने दुसऱ्या महायुद्धातच दिला होता. दे हॅविलंडचेच मॉस्किटो हे लाकडी थर चिकटवून बनवलेले लढाऊ विमान १९४४ मध्ये भारतात तैनात असताना त्याच्या पंखांचे सांधे सुटल्याच्या घटना घडल्या आणि वर्षअखेरीस या आघाडीवरील विमानांची उड्डाणे थांबवून तपासणी करावी लागली. जुळणीतील दोष आणि उष्ण-दमट हवा, दोन्ही कारणांची चर्चा झाली. आजचे रेझिनही हवेतील ओलावा हळूहळू शोषते आणि उष्णतेत त्याचे बळ घटते. त्यामुळे संमिश्र भागांचे बळ कोरड्या नमुन्यावर न मोजता ओलावा मुरवून, उष्ण स्थितीत मोजले जाते.

भारतीय संमिश्रांची सर्वांत मोठी कसोटी तेजस लढाऊ विमानाने पाहिली. ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडालेल्या या विमानाच्या सांगाड्यात वजनाने सुमारे ४५ टक्के संमिश्रे आहेत. पृष्ठभागाचा तर बहुतांश भाग त्यांचाच. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने या भागांसाठी थर आणि आतील फासळ्या एकत्र भाजण्याचे तंत्र विकसित केले. त्यामुळे जोडणीची भोके कमी झाली, आणि जेथे भोक नाही तेथे तडा उगवण्याची जागाही नाही. त्याआधी याच संस्थेचे हंसा हे संमिश्रांचे हलके प्रशिक्षण विमान १९९३ मध्ये उडाले होते.

महाराष्ट्रातही या कामाची दोन केंद्रे आहेत. नागपूरच्या मिहान प्रकल्पात टाटा समूहाच्या कारखान्याने बोइंग ७८७ साठी संमिश्रांच्या मजलातुळया बनवल्या. प्रवासी ज्या मजल्यावर चालतात त्याचा भार या तुळया पेलतात. नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एअरोनॉटिक्सने सुखोई ३० विमानाच्या पोटाखाली अडीच टनांचे ब्रह्मोस क्षेपणास्त्र बसवण्यासाठी रचना मजबूत केली. जून २०१६ मध्ये असे विमान प्रथम उडाले. मूळ रचनेत न धरलेला एवढा भार एका जागी टांगायचा, तर तो आजूबाजूच्या सांगाड्यात कसा वाटला जाईल आणि वेगाने वळताना काय होईल, याचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

पदार्थांच्या बाबतीतही पाया घातला गेला आहे. केरळमधील चवरा येथे संरक्षण धातुकर्म संशोधन प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञानावर वर्षाला ५०० टन क्षमतेचा टायटॅनियम स्पंजचा कारखाना उभा आहे. हैदराबादचा मिश्र धातु निगम त्यापासून विमान आणि अंतराळ क्षेत्रासाठी मिश्रधातू घडवतो. तरीही भाग बनवणे आणि त्या भागाच्या आयुष्याची हमी देणे यांत मोठे अंतर आहे. एका नव्या पदार्थाला मान्यता मिळण्यासाठी हजारो नमुने तोडावे लागतात. त्यानंतर लहान भाग, मोठे भाग आणि शेवटी संपूर्ण विमान यांची भाराखाली चाचणी होते. थकव्याच्या चाचणीत विमानाचा सांगाडा वर्षानुवर्षे मांडवात जखडून त्याच्यावर उड्डाणांची चक्रे घडवली जातात. प्रत्यक्ष विमानाने जितकी उड्डाणे केली त्याच्या पुढे चाचणीतील सांगाडा सदैव असला पाहिजे, म्हणजे तडा आधी तेथे दिसतो. हे काम खर्चिक आणि संथ आहे, आणि त्याला पर्याय नाही.

भारतातील देशांतर्गत सेवेचे स्वरूप पाहता हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा ठरतो. मुंबई–गोवा किंवा बंगळूर–हैदराबाद अशा तास-दीड तासाच्या फेऱ्या करणारे विमान दिवसाला अनेकदा दाब चढवते आणि उतरवते. लंडनला जाणाऱ्या मोठ्या विमानाचे तास अधिक भरतात, पण चक्रे कमी होतात. म्हणून विमानाचे वय केवळ वर्षांत मोजणे फसवे आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परवान्याखाली काम करणारे देखभाल अभियंते तास, चक्रे आणि वर्षे या तिन्हींचा हिशेब ठेवतात. त्यांतील जे आधी भरेल त्यानुसार तपासणीची वेळ येते.

अलोहाच्या घटनेनंतर सुरू झालेल्या अभ्यासाची परिणती २०१० मध्ये अमेरिकेच्या एका नियमात झाली. प्रत्येक मोठ्या प्रवासी विमानासाठी किती चक्रे किंवा किती तास यांपुढे थकव्याचा पुरावा उपलब्ध नाही, हे उत्पादकाने जाहीर करायचे आणि ती मर्यादा ओलांडलेले विमान कितीही ठाकठीक दिसले तरी उडवायचे नाही, असे तो नियम सांगतो. म्हणजे त्या आकड्यानंतर विमान तुटेल, असे नाही. त्यापुढे तडा कोठे जाईल, हे कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. आणि जेथे ही खात्री संपते तेथे विमानाचे आयुष्य संपते.